बुरशीचा रंग: मळणी झाली, निवडणी राहिली

पावसाळा सरता सरता आमच्या भंडाऱ्याकडच्या जंगलात वाळक्या लाकडावर शेंदरी-लाल, कानासारखी पातळ बुरशी दिसते. ही पिक्नोपोरस. सात्या नावाच्या अळंब्यांसारखी खायची नव्हे. हाताला चामड्यासारखी लागते. वाळवून, कुटून पाण्यात टाकली तर रंग जेमतेम उतरतो. अल्कोहोलमध्ये टाकली की ते नारिंगी होतं. कापडातून गाळलं की आरपार दिसणारा रंग बाटलीत येतो आणि आपण म्हणतो, झाला शुद्ध रंग.

शुद्ध कुठला! झाला तो अर्क. गाळल्यानं चोथा मागे राहतो, पण जे विरघळलं ते सगळंच कापडातून खाली उतरतं. या बुरशीत रंगद्रव्यंच अनेक: सिनाबारिन, ट्रामेसँग्विन, सिनाबारिनिक आम्ल. शिवाय मेदद्रव्यं वगैरे रंग नसलेली मंडळीही सोबत येतात. धानाच्या भाषेत ही नुसती मळणी. दाणा काडीपासून सुटला, एवढंच.

शुद्धीकरण म्हणजे सूप घेऊन निवडायला बसणं, आणि इथले खडे तांदळासारखेच दिसतात. म्हणून काचेच्या उभ्या नळीत सिलिका जेलची पांढरी भुकटी भरतात, वर थोडा अर्क घालतात आणि द्रावक, म्हणजे रंग विरघळवणारा द्रव, सोडत राहतात. सिलिकाला घट्ट धरणारं द्रव्य मागे रेंगाळतं, बाकीची पुढे निघतात. थोड्या वेळानं नळीत वेगवेगळे पट्टे दिसू लागतात. एकेक पट्टा वेगळ्या बाटलीत धरायचा. पानांतली रंगद्रव्यं अशी वेगळी करणाऱ्या मिखाईल त्स्वेतनं 1906 मध्ये या रीतीला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिलं. मग सिलिकाचा पातळ थर दिलेल्या पट्टीवर एक थेंब ठेवून, तिच्यावर द्रावक चढू देऊन तपासायचं. एकच ठिपका दिसला म्हणून लगेच खूश होऊ नये. द्रावक बदलला की त्याचेच कधी दोन होतात.

एवढा खटाटोप कशासाठी? मोनॅस्कस बुरशी भातावर वाढवून लाल तांदूळ करतात. त्यात पिवळी, नारिंगी, लाल रंगद्रव्यं असतात, आणि बुरशीच्या काही वाणांत सिट्रिनिन हे मूत्रपिंडाला घातक विषही. तेही अल्कोहोलमध्ये विरघळतं, वर फिकट पिवळं, म्हणजे लाल अर्कात डोळ्याला दिसणारच नाही. अशा तांदळाच्या पूरक आहारासाठी युरोपीय संघानं 2019 मध्ये सिट्रिनिनची मर्यादा किलोमागे 100 मायक्रोग्रॅमवर आणली.

कापड रंगवायचं असेल तर मात्र मी नळीच्या नादी लागणार नाही. निवडताना दर पायरीला थोडा रंग वाया जातोच.