दगडातलं झाड आणि चिखलातलं जंगल

भंडारा जिल्ह्यातल्या एका मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या कोरड्या पोटात आम्ही खड्डा खणत होतो. मे महिना, सकाळचे आठच वाजले होते, तरी ऊन टोचत होतं. बांधावरून एक आजोबा उतरून आले. त्यांनी काळा गाळ बोटांत दाबून पाहिला आणि विचारलं, "काहून जी मॅडम, दगडात झाडं सापडतात म्हणते, तेच शोधून राहिले काय?"

हा प्रश्न मला एम.एस्सी. झालेली मुलंही विचारतात. त्यांच्या लेखी पुरावनस्पतिशास्त्र, म्हणजे दगड झालेल्या वनस्पतींचा अभ्यास, आणि वनेतिहास, म्हणजे इथलं जंगल कसकसं बदललं याचा अभ्यास, हे एकच. दोन्हीकडे जुनी झाडं, दोन्हीकडे सूक्ष्मदर्शक, म्हणून घोळ होतो. पण यातल्या एका कामाची आवड असताना माणूस दुसऱ्यात जाऊन पडला, तर पीएचडीची वर्षं फार जड जातात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी दगड. आपल्या काळ्या खडकाचे थर साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे. एक लाव्हा थंड झाला की पुढचा येईपर्यंत बराच काळ जाई. मधल्या काळात तळी साचत, काठाला झाडोरा वाढे, आणि पुन्हा सगळं लाव्हाखाली गाडलं जाई. पाण्यात विरघळलेली सिलिका झाडाच्या पेशीपेशीत उतरून तिथेच घट्ट झाली. वर्धा जिल्ह्यातलं नवरगाव किंवा सीमेपलीकडे छिंदवाड्यातलं मोहगाव कलान इथल्या गारगोटीसारख्या दगडांत खोडं, फळं, बिया अशाच टिकल्या आहेत. दगड कापायचा, घासून पातळ करायचा आणि पेशींची मांडणी वाचायची. मोहगावच्या एका फळाचं आजच्या कुठल्याही फळाशी नीट जुळेना, तेव्हा पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनींनी त्याच्या नावातच 'कोडं' घातलं: एनिग्मोकार्पॉन. तिथेच निपा या ताडवर्गीय झाडाची फळंही सापडली. निपा आज खाऱ्या पाण्याच्या दलदलीत वाढतो. छिंदवाड्यात निपा! पुरावनस्पतिशास्त्रज्ञाचं आयुष्य अशा कोड्यांवर चालतं. ही वनस्पती कोण, तिचे नातेवाईक कोण, ती इथे कशी आली, हे त्याचे प्रश्न.

माझं काम वनेतिहासाचं, ते या दगडांच्या वर साचलेल्या चिखलात चालतं. तळ्यात दरवर्षी गाळ बसतो आणि त्यासोबत आसपासच्या झाडांचे परागकणही बसतात. परागकणाचं बाहेरचं कवच इतकं चिवट असतं, की हवा न लागणाऱ्या चिखलात ते हजारो वर्षं कुजत नाही. प्रयोगशाळेत आम्ही माती एकामागून एक तीव्र आम्लांतून काढतो. वाळू जाते, कुजका पाला जातो, कवचं मात्र उरतात. मग एकेका थरातले तीनशेच्या आसपास कण ओळखून मोजायचे: गवत किती, झाडं किती, पाणवनस्पती किती. हे प्रमाण थरागणिक कसं बदललं, याची आकृती १९१६ साली लेनार्ट फोन पोस्ट या स्वीडिश भूवैज्ञानिकाने मांडली आणि या विषयाला तोंड फुटलं. आम्हाला नवी जात सापडत नाही. झाडं तीच, आजचीच. प्रश्न असतो तो त्यांच्या मेळाचा: इथे दाट जंगल होतं की माळरान, आणि बदल झाला तो पावसाने की कुऱ्हाडीने?

लोणारला हे दोन्ही काळ एकाच जागी भेटतात. सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं ते विवर लाव्हाच्या खडकात पडलंय, पण त्याच्या तळाशी साचलेला गाळ अलीकडचा. त्यातल्या सुमारे १० मीटर गाळातून गेल्या ११ हजार वर्षांतल्या पावसाचा इतिहास वाचला गेला. साधारण ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा दीर्घ कोरडा काळ त्यातच दिसला. या गाळाचं वय कार्बन-१४ ने काढता येतं. त्याची मजल साधारण ५० हजार वर्षांपर्यंत, त्यामुळे लाव्हाच्या काळापुढे ती पद्धत निरुपयोगी.

मात्र 'दगड म्हणजे ते आणि परागकण म्हणजे आम्ही' अशी वाटणी करू नका. चंद्रपूर-वणीच्या कोळशातही बीजाणू आणि परागकण असतात. ते २५ कोटी वर्षांहून जुने, आणि कोळशाच्या थरांची जुळणी लावायला उपयोगी पडतात. ते काम पुरावनस्पतिशास्त्राकडे झुकणारं. हत्यार एक असलं तरी प्रश्न वेगळा असतो.

आणि हे हत्यार वाटतं तितकं सरळ नाही. सागाच्या जंगलातली वरची माती तपासली तर त्यात सागाचे परागकण फार थोडे मिळतात. सागाला पावसाळ्यात पांढरा फुलोरा येतो, त्याचं परागीभवन कीटक करतात, वाऱ्यावर उधळण अशी नसतेच. उलट वावळासारखं वाऱ्यावर विसंबणारं झाड थोडं असलं तरी मोजणीत भाव खाऊन जातं. म्हणून चिखलात साग दिसला नाही, एवढ्यावरून 'इथे साग नव्हता' असं मी कधीच लिहिणार नाही. आजच्या जंगलाची माती आधी तपासायची, मग जुन्या थराला हात घालायचा.

धानाच्या पट्ट्यात तर आणखी पंचाईत. धान हेही गवतच, आणि त्याचा परागकण रानगवतापासून खात्रीने वेगळा काढणं अवघड. तिथे पानातले सिलिकाचे कण कामी येतात. धानाच्या पानात पंख्याच्या आकाराचे कण असतात, त्यांवरून धानाचा माग लागतो. तळ्याकाठी धान कधीपासून, हे सांगायचं तर नुसत्या परागकणांवर भागत नाही.

शिक्षणाची वाट सुरुवातीला सारखीच: वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी., संशोधन शिष्यवृत्तीसाठीची नेट-जेआरएफ परीक्षा, मग पीएचडी. लखनौची बिरबल साहनी यांची संस्था दोघांचंही माहेर. ती १९४६ साली सुरू झाली. १९४९ च्या एप्रिलमध्ये तिच्या इमारतीची पायाभरणी झाली आणि आठवड्याभरात साहनी गेले. फरक पडतो तो तयारीत. दगडाकडे जाणाऱ्याने लाकडाची अंतर्रचना आणि भूशास्त्र पक्कं करावं. चिखलाकडे येणाऱ्याला मात्र शिवार तोंडपाठ हवं. ताज्या फुलांतले परागकोष काढून स्वतःच्या तुलनेच्या काचपट्ट्या करायच्या, तर वर्षभर रानात हिंडावं लागतं. सोबत सांख्यिकीही लागते. विदर्भातल्या दगडांवर पिढ्यान् पिढ्या काम झालंय. चिखलाच्या वाट्याला तेवढे हात आले नाहीत, असं माझं मत आहे आणि त्याची मला खंत वाटते.

घाईही आहे. एका उन्हाळ्यात आम्ही एका तलावावर पोचलो, तर जेसीबीने गाळ उपसून नेलेला. शेताला तो सोन्यासारखा, शेतकऱ्याने का नेऊ नये? मी फक्त एवढंच म्हणते, की उपसण्याआधी एक उभा काप आम्हाला घेऊ द्या. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

आजोबांना यातलं जमेल तेवढं सांगितलं. त्यांचा नातू बी.एस्सी.ला होता. तो खड्ड्यात उतरला आणि वरून पहिला नमुना घ्यायला निघाला. मी त्याला थांबवलं. आपण खालून सुरुवात करतो, म्हणजे वरची नवी माती जुन्या थरावर सांडत नाही. त्याने सुरी पुसली आणि तळाशी उकिडवा बसला. दर पाच सेंटिमीटरला एक पिशवी, पिशवीवर खोली. बारा वाजेपर्यंत आम्ही बत्तीस पिशव्या भरल्या. मधेच आजोबा बांधावरची झाडं नावानिशी सांगत होते, आणि नातू एका हाताने ती वहीत उतरवून घेत होता.