व्हॅरम पर्सी : गाव उठले, चर्च राहिले

इंग्लंडच्या उत्तरेकडील यॉर्कशर वोल्ड्स या टेकड्यांमध्ये व्हॅरम पर्सी या उजाड झालेल्या मध्ययुगीन गावी सेंट मार्टिन चर्चच्या छप्पर नसलेल्या भिंती आणि अर्धा मनोरा आजही उभा आहे. घरांचे मात्र गवताखालचे उंचवटेच तेवढे उरले आहेत. इतिहासकार मॉरिस बेरेसफर्ड आणि पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट यांच्या पुढाकाराने १९५० ते १९९० अशी चाळीस वर्षे येथे दर उन्हाळ्यात उत्खनन झाले.

दहाव्या शतकाच्या सुमारास येथे लहानसे लाकडी चर्च होते आणि त्याच जागी पुढे दगडी चर्च उभे राहिले. वस्ती वाढली तशी बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात मुख्य दालनाच्या दक्षिणेस आणि नंतर उत्तरेस कमानींच्या रांगेमागे एकेक सोपा जोडला गेला. वस्ती आटल्यावर हे सोपे पाडण्यात आले आणि कमानी दगडांनी बुजवून बाहेरची भिंत साधण्यात आली. त्या बुजवलेल्या कमानी अजून स्पष्ट दिसतात, आणि माझ्या मते गावाच्या चढउताराचा याहून बोलका पुरावा कागदपत्रांतही नाही.

दफनभूमीत सुमारे सातशे सांगाडे मिळाले. लहान मुलांच्या हाडांच्या रासायनिक तपासणीवरून त्यांचे अंगावरचे दूध साधारण दोन वर्षांच्या आत तुटत असे, असे दिसते.

प्लेगने हे गाव संपवले, हा समज सोयीचा असला तरी खरा नाही, कारण १३४९ च्या साथीनंतरही येथे वस्ती होती. लोकरीतून शेतीपेक्षा अधिक पैसा मिळू लागल्यावर, १५०० च्या आसपास, जमीनदाराने उरलीसुरली कुटुंबे उठवून नांगराखालची जमीन मेंढ्यांच्या कुरणाला दिली.

तरीही चर्च मोडले नाही, कारण ते एकट्या या गावाचे नव्हते. थिक्सेनडेलसारख्या आसपासच्या वाड्या याच पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, मोडत आणि त्यांचा दशांश कर, बाप्तिस्मे व दफनविधी याच चर्चशी बांधलेले होते. त्यामुळे गाव नसलेल्या या चर्चमध्ये आणखी साडेतीन शतके लोक टेकड्या ओलांडून येत राहिले. १८७० मध्ये थिक्सेनडेलला स्वतःचे चर्च मिळाल्यावर हा राबता ओसरला. शेवटची उपासना १९४९ मध्ये झाली आणि दहा वर्षांनी, १९५९ च्या अखेरीस, मनोऱ्याचा निम्मा भाग कोसळला.