ताण डाळिंबाला द्या, टोमॅटोला नको

‘पाणी तोडलं की झाड जास्त फळ धरतं’ हे बांधावर सर्रास ऐकू येतं. डाळिंब-संत्र्याच्या बहारापुरतं ते खरं आहे. पाणी तोडून दिलेल्या ताणानंतर त्यांना फुलं येतात. भाजीपाल्याला मात्र हा नियम लावू नका. टोमॅटो-मिरचीला फुलोऱ्यात ताण बसला की फुलं गळतात. शिवाय पाण्याबरोबर चढणारं कॅल्शियम फळापर्यंत पुरेसं पोचत नाही आणि टोमॅटोचं बूड काळं पडतं. (त्यावर उगाच बुरशीनाशक फवारणारेही आहेत!) ताणानंतर एकदम भरपूर पाणी सोडलं तर फळं तडकतात. पिकत्या टोमॅटोला जरा कमी पाणी दिल्यास गोडी वाढते, पण वजन घटतं. कांद्याची मुळं उथळ. पोसताना पाणी तुटलं तर कांदा बारीकच राहतो. काढणीआधी दोनेक आठवडे मात्र पाणी बंदच ठेवावं, साठवणीच्या चाळीत कांदा चांगला टिकतो.