एकट्याने काय होणार? एका जुन्या शंकेची पार्श्वभूमी

ठाण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या सभेत ओल्या-सुक्या कचऱ्याचा विषय निघाला की कुणीतरी विचारतंच, "आपण एकट्याने करून काय फरक पडणार?" असं विचारणाऱ्याला गप्प बसवू नये. या शंकेमागे सत्तरेक वर्षांचा इतिहास आहे.

सुरुवात अमेरिकेतली. तिथे पूर्वी शीतपेयांच्या काचेच्या बाटल्या डिपॉझिटवर मिळत आणि कंपन्या त्या परत घेऊन पुन्हा भरत. दुसऱ्या महायुद्धानंतर वापरून फेकायचे डबे आणि बाटल्या आल्या आणि रस्त्यांच्या कडेला कचरा साठू लागला. १९५३ मध्ये व्हर्माँट राज्याने बिअरच्या अशा बाटल्यांवर बंदी घातली. त्याच वर्षी पॅकेजिंग उद्योगाच्या पुढाकाराने 'कीप अमेरिका ब्यूटिफुल' ही संस्था उभी राहिली. तिचा सगळा रोख कचरा टाकणाऱ्या माणसावर. १९७१ ची तिची जाहिरात, प्रदूषण पाहून डोळ्यांत पाणी आलेला मूलनिवासी दाखवणारी, खूप गाजली. बाटल्या परत घ्यायला लावणाऱ्या कायद्यांना मात्र हाच उद्योग विरोध करत राहिला. वस्तू बनवणाऱ्याची जबाबदारी वापरणाऱ्याच्या गळ्यात पडली ती इथून, असं माझं मत आहे.

आपल्याकडेही काच होतीच. १९५१ मध्ये सुरू झालेल्या आरे डेअरीचं दूध काचेच्या बाटलीत यायचं. रिकामी बाटली धुऊन केंद्रावर द्यायची, तेव्हा भरलेली हातात पडायची. त्यात कुणी पर्यावरणासाठी काही करत नव्हतं; व्यवस्थाच तशी होती. पुढे प्लास्टिकची पिशवी आली आणि बाटली गेली. ग्राहकाला कुणी विचारलं नव्हतं.

या पिशवीकडे जरा जवळून पाहण्यासारखं आहे. तिचा कोपरा पूर्ण कापून टाकला तर तो इवलासा तुकडा सिंकमधून नाहीतर केरातून निघून जातो, पुन्हा कुणाच्या हाती लागत नाही. नुसती चीर दिली, पिशवी धुऊन वाळवली, तर रद्दीवाला ती किलोवर घेतो. अनेक घरांत हे वर्षानुवर्षं चालत आलंय. राज्य सरकारने २३ मार्च २०१८ ला प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली, तेव्हा दुधाच्या पिशवीला बंदीतून वगळलं, पण ती जाड हवी आणि परत घेण्याची किंमत, किमान ५० पैसे, तिच्यावर छापलेली हवी अशी अट घातली. म्हणजे घरोघरी जे आपसूक चाललं होतं, त्यात उत्पादकालाही ओढायचा तो प्रयत्न होता. तो नेटाने तडीस न्यायला हवा होता.

त्या बंदीच्या मागे २६ जुलै २००५ आहे. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, शहर बुडालं, आणि तुंबलेल्या गटारांचा दोष पातळ पिशव्यांवर आला. खाड्या आणि नाल्यांवरची बांधकामं, बुजवलेली पात्रं यांचा दोष निदान तेवढाच होता. पण पिशवी डोळ्यांना दिसते. राज्याने ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांना मनाई केली. पुढे १ जुलै २०२२ पासून स्ट्रॉ, थर्माकोलची सजावट, प्लास्टिकचे चमचे अशा एकदाच वापरायच्या वस्तूंवर देशभर बंदी आली. ठाण्याच्या भाजीबाजारात पातळ पिशवी अजून दिसते, कारण दंड विक्रेत्याच्या टोपलीशी थांबतो, कारखान्यापर्यंत फार कमी वेळा जातो.

२००५ च्या सुमारासच 'कार्बन फूटप्रिंट', म्हणजे आपल्या वागण्यातून हवेत किती कार्बन जातो त्याचं माप, हा शब्दही रूढ झाला. पर्यावरणीय पाऊलखुणा मोजण्याची कल्पना विल्यम रीस आणि मॅथिस वॅकरनागेल या अभ्यासकांनी १९९० च्या दशकात मांडली होती. तुमचा-माझा कार्बन मोजणारं कॅल्क्युलेटर मात्र २००४ च्या सुमारास लोकप्रिय केलं ते बीपी या तेल कंपनीने. मग २०२० आलं. निम्मं जग घरात बसलं, गाड्या थांबल्या, विमानं उतरली, आणि तरी त्या वर्षी जगाचं कार्बन उत्सर्जन घटलं ते सुमारे ५ टक्के. उरलेलं वीजघरांत, पोलाद-सिमेंटच्या भट्ट्यांत चालूच होतं.

इथे "मग सोडूनच द्या" म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या २०२२ च्या अहवालानुसार माणसांच्या वापरात बदल झाल्यास २०५० पर्यंत अंतिम वापराच्या क्षेत्रांतलं, म्हणजे घरं, प्रवास, अन्न अशा ठिकाणचं, उत्सर्जन ४० ते ७० टक्के कमी होऊ शकतं. अट एवढीच की धोरण, सोयी आणि तंत्रज्ञान यांची साथ हवी. एलईडीचंच बघा. २०१४ मध्ये सरकारी खरेदीत ३१० रुपयांना पडणारा बल्ब २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला, 'उजाला' योजनेतून घरोघरी गेला. बल्ब बदलला प्रत्येकाने आपापल्या घरात, पण तो परवडेल अशी सोय आधी झाली.

ठाण्यात तर हे रोज दिसतं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी इथे आली, आणि नौपाड्यातला माणूस आजही पायी स्टेशन गाठून लोकल पकडतो. कारशी तुलना केली तर त्याचा कार्बन नगण्य, तरी तो स्वतःला पर्यावरणवादी म्हणवत नाही. २००४ मध्ये ठाणे-वाशी ट्रान्स हार्बर सुरू झाली, तेव्हा ऐरोली-तुर्भ्याला कामाला जाणाऱ्यांनाही तशीच सोय मिळाली. आता घोडबंदर रोड घ्या. टोलेजंग संकुलं आधी उभी राहिली, रेल्वे नाहीच. तिथलं कुटुंब कचरा वेगळा करतं, बाल्कनीत खत करतं, आणि सकाळी कार काढून मानपाड्याच्या कोंडीत अडकतं. त्याची निष्ठा नौपाडकरापेक्षा कमी नाही. त्याच्याकडे गाडी पकडायला स्टेशन नाही.

याच घोडबंदर रोडवरून जाणाऱ्या वडाळा-कासारवडवली मेट्रोचं काम २०१८ पासून चाललंय. ती धावू लागली तरी संकुलाच्या गेटपासून स्टेशनपर्यंत सलग पदपथ आणि दर काही मिनिटांनी टीएमटीची, म्हणजे ठाणे महापालिकेची, बस लागेल, नाहीतर लोक गाडीच काढतील. कचऱ्याच्या विषयासोबत सोसायट्यांनी हीही मागणी ठराव करून प्रभागात द्यावी, आणि स्टेशनं उघडण्याआधी द्यावी.