सशर्त विधाने आणि तार्किक क्रियाचिन्हे (सी भाषा)

सी भाषेतल्या प्रोग्रॅममध्ये एखादी अट पाहून पुढची वाट ठरवणाऱ्या रचनांना सशर्त विधाने म्हणतात. अनेक अटी जोडणाऱ्या किंवा अट उलटवणाऱ्या चिन्हांना तार्किक क्रियाचिन्हे, बोलीत लॉजिकल ऑपरेटर, म्हणतात. इफ, एल्स आणि स्विच हे शब्द पहिल्या गटातले; && (आणि), || (किंवा) आणि ! (नाही) ही चिन्हे दुसऱ्या गटातली. शिकताना ही सगळी पहिल्या काही धड्यांतच येतात आणि अर्ध्या तासात समजल्यासारखीही वाटतात. त्यांचे व्याकरण खरोखरच सोपे आहे. नवशिका अडतो तो दुसऱ्याच गोष्टीमुळे: ‘खरे’ आणि ‘खोटे’ असे काही सीला मुळात ठाऊक नाही, तिला फक्त आकडा दिसतो. या प्रकरणातल्या बहुतेक चुकांचे मूळ शोधत गेले की माणूस इथेच येऊन पोचतो.

खालच्या उदाहरणांत सीचे शब्द, चलांची नावे आणि अंक देवनागरीत दिले आहेत. संगणकावर मात्र इफ, एल्स वगैरे शब्द रोमन लिपीतल्या लहान अक्षरांतच टंकावे लागतात. पहिले अक्षर मोठे काढले तरी कंपाइलर, म्हणजे प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणारे साधन, ते ओळखत नाही.

शून्य आणि शून्येतर

डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल लॅबोरेटरीजमध्ये सी घडवली. तिची जननी म्हणजे केन टॉम्पसन यांची बी भाषा, आणि बीच्या मागे मार्टिन रिचर्ड्स यांची बीसीपीएल. या दोन्ही पूर्वज भाषांत माहितीचे प्रकारच नव्हते. यंत्रातला एक शब्द, म्हणजे ठरावीक लांबीचा बिटसमूह, हाच सगळ्या कामाला. अशा घरात वाढलेल्या सीने अटीचा निवाडाही त्याच पद्धतीने केला: कंसातल्या राशीची किंमत शून्य आली तर अट खोटी, दुसरे काहीही आले तर खरी. ७ खरे, उणे १ सुद्धा खरे.

उलट दिशेने पाहिले तर तुलना ही सीच्या लेखी एक आकडेमोडच आहे. ५ > ३ या राशीची किंमत १ आणि ३ > ५ ची ०. ती छापून पाहता येते, बेरजेत घालता येते. तीन संख्यांपैकी किती धन आहेत हे (अ > ०) + (ब > ०) + (क > ०) एवढ्यात मोजून होते. १९९९ च्या प्रमाण आवृत्तीत बूल हा वेगळा प्रकार आला आणि सी२३ या अलीकडच्या आवृत्तीत ट्रू व फॉल्स हे भाषेचे राखीव शब्द झाले. तरीही आतला हिशेब शून्य-एकाचाच राहिला आणि तुलनेचे उत्तर आजही साधा पूर्णांकच असतो.

याचा पहिला फटका बसतो तो गणिताच्या वहीतली सवय प्रोग्रॅममध्ये आणल्यावर. ‘व ही संख्या १० ते २० च्या दरम्यान आहे का’ हे विचारण्यासाठी विद्यार्थी लिहितो:

इफ (१० <= व <= २०)

कंपाइलर हे बिनतक्रार स्वीकारतो. फार तर, सावधगिरीच्या सूचना चालू ठेवल्या असतील तर, एखादी सूचना देतो. व ची किंमत ५०० असली तरी ही अट खरीच ठरते. आधी १० <= ५०० सोडवले जाते आणि त्याचे उत्तर १ येते; मग १ <= २० तपासले जाते. पहिल्या तुलनेतून ० किंवा १ याखेरीज काही निघूच शकत नाही आणि दोन्ही २० पेक्षा लहान. म्हणजे ही अट कधीच खोटी होणार नाही. बरोबर रूप दोन तुलना जोडून येते: व >= १० && व <= २०.

दुसरा फटका अक्षरमाला ताडून पाहताना बसतो. दोन शब्द सारखे आहेत का हे == ने विचारले तर सी त्यांचे स्मृतीतले पत्ते ताडते, अक्षरे नव्हे. अक्षरे ताडायला स्ट्रिंगकंपेअरचे लायब्ररी-फंक्शन आहे, पण ते शब्द सारखे असले की ० परत करते. अकारविल्हे कोणता आधी आणि कोणता नंतर हे सांगणे त्याचे काम. फरकच नाही म्हणून शून्य. त्यामुळे ते फंक्शन नुसतेच इफच्या कंसात टाकले की शब्द वेगळे असताना ‘जुळले’ असा संदेश येतो. शेवटी == ० लिहिणे भाग आहे.

इफ, एल्स आणि शिडी

इफनंतर कंसात अट आणि त्यानंतर एक विधान. एकापेक्षा जास्त विधाने हवी असतील तर ती महिरपी कंसात गुंडाळायची. एल्सचा भाग ऐच्छिक असतो. ‘एल्स इफ’ असा स्वतंत्र शब्द सीमध्ये नाही. एल्सच्या पोटात दुसरे इफ विधान बसते आणि आपण ते सोयीसाठी एकाच ओळीत लिहितो, एवढेच. अशा एकाखाली एक अटींच्या रचनेला इफ-एल्सची शिडी किंवा लॅडर म्हणतात.

शिडीत क्रमाला महत्त्व असते, कारण पहिली खरी अट सापडताच बाकीच्या पायऱ्या पाहिल्याच जात नाहीत. त्रिकोणाच्या अ, ब, क या बाजू दिल्या आहेत आणि प्रकार ओळखायचा आहे असे समजा:

इफ (अ == ब && ब == क) → समभुज
एल्स इफ (अ == ब || ब == क || क == अ) → समद्विभुज
एल्स → विषमभुज

पहिल्या दोन पायऱ्यांची अदलाबदल केली तर समभुज त्रिकोण कधीच सापडणार नाही. तिन्ही बाजू समान असतील तर कोणत्या तरी दोन समान असतातच, आणि समद्विभुजाची पायरी त्याला वरच अडवते. म्हणून विशेष अट आधी आणि व्यापक अट नंतर. दुसरी गोष्ट, बाजू दशांश अपूर्णांकात असतील तर == वर विसंबू नये. नेहमीच्या द्विमान अंकनात ०.१ + ०.२ ची बेरीज ०.३ शी तंतोतंत जुळत नाही. अशा वेळी फरक अगदी लहान आहे का एवढेच पाहतात.

अर्धविरामाची चूक बारीक, पण छळणारी. इफ (अ > ०); असे लिहिले की तो अर्धविराम हेच इफचे विधान ठरते, रिकामे विधान. खालची ओळ मग अट काहीही असली तरी चालते. महिरपी कंस गाळण्याची सवय त्याच जातीची. दोन इफ एकात एक असताना शेवटी आलेला एल्स कोणाचा, याला सीचे उत्तर ठरलेले आहे: सर्वांत जवळच्या, एल्स न मिळालेल्या इफचा. ओळ किती आत सरकवली आहे याकडे कंपाइलर ढुंकूनही पाहत नाही. माणूस मात्र नेमके तेच पाहून वाचतो. २०१४ च्या फेब्रुवारीत ॲपलच्या सुरक्षित जोडणीच्या कोडमध्ये सापडलेला दोष असाच होता. महिरपी कंस नसलेल्या एका इफखाली ‘गोटू फेल’ (‘फेल’ या खुणेपाशी उडी घ्या) ही ओळ चुकून दोनदा आली होती. पहिली इफच्या ताब्यात, दुसरी मोकळी. त्यामुळे पुढची सही-पडताळणी कायमची वगळली जात होती. एकाच विधानासाठीही कंस घालावेत हा सल्ला पोरकट वाटणाऱ्यांनी त्या दोन ओळी एकदा पाहाव्यात.

आणि, किंवा, नाही

शून्य आणि एक यांवरचे तर्काचे बीजगणित जॉर्ज बूल यांनी एकोणिसाव्या शतकात मांडले. सीची तीन चिन्हे त्याचीच आहेत, पण एका जादा गुणासह: डावी बाजू सोडवून निकाल लागला तर उजवी बाजू सोडवलीच जात नाही. && ची डावी बाजू खोटी निघाली किंवा || ची खरी निघाली की काम संपले. याला शॉर्ट सर्किट म्हणतात. हा गुण फक्त वेळ वाचवण्यापुरता आहे असे समजणे चूक. तो भाषेने दिलेला शब्द आहे आणि प्रोग्रॅमर त्यावर भिस्त ठेवतात:

इफ (ब != ० && अ / ब > २)

ब शून्य असेल तर भागाकार होतच नाही. बाजूंची अदलाबदल केली तर शून्याने भागण्याचा प्रसंग येतो आणि प्रोग्रॅम सहसा तिथेच कोसळतो. यादीत शोधतानाही ‘क्रमांक हद्दीत आहे का’ हे आधी आणि ‘त्या घरात काय आहे’ हे नंतर विचारतात. या गुणाची दुसरी बाजूही आहे: उजव्या बाजूला ब++ सारखे किंमत बदलणारे काही लिहिले असेल तर ते कधी घडेल, कधी घडणार नाही.

एकेरी & आणि | ही वेगळीच चिन्हे; ती एकेका बिटवर काम करतात आणि दोन्ही बाजू नेहमी सोडवतात. १ && २ चे उत्तर १, पण १ & २ चे उत्तर ०, कारण त्या दोन संख्यांत सामाईक बिट एकही नाही. पूर्वी असे दोन संच नव्हते. बीमध्ये आणि सुरुवातीच्या सीमध्ये एकेरी चिन्हच दोन्ही कामे करी. अटीत आले तर तार्किक, इतरत्र बिटांचे. ॲलन स्नायडर यांच्या सूचनेवरून && आणि || वेगळी काढली गेली. मात्र जुने प्रोग्रॅम बिघडू नयेत म्हणून एकेरी & चे प्राधान्य == च्या खालीच ठेवले गेले. परिणामी झेंडा & ४ == ४ ही राशी आजही झेंडा & (४ == ४), म्हणजे झेंडा & १ अशी वाचली जाते आणि भलताच बिट तपासला जातो. तेव्हा जपलेला जुना कोड काहीशे किलोबाइट होता. कंस घालण्याचे काम मात्र पन्नास वर्षे चालले आहे.

प्राधान्यक्रमात ! सर्वांत वर, मग अंकगणित, मग तुलना, त्यानंतर && आणि शेवटी ||. लीप वर्षाच्या नियमात हे सगळे एकत्र दिसते (% म्हणजे भागाकाराची बाकी):

(वर्ष % ४ == ० && वर्ष % १०० != ०) || वर्ष % ४०० == ०

२००० या वर्षी उजवी बाजू खरी होते. १९०० आणि २१०० दोन्हीकडे नापास. इथला कंस भाषेला नको आहे, वाचणाऱ्याला हवा आहे.

! लावताना थांबून विचार करावा. !अ == ब म्हणजे (!अ) == ब; ‘अ आणि ब समान नाहीत’ असे म्हणायचे असेल तर अ != ब. जोडअट उलटवायची असेल तर ऑगस्टस डी मॉर्गन यांचा नियम वापरायचा: प्रत्येक तुकडा उलटवा आणि ‘आणि’चे ‘किंवा’ करा. त्रिकोण शक्य असण्याची अट अ + ब > क && ब + क > अ && क + अ > ब अशी आहे; म्हणून अशक्य असण्याची अट अ + ब <= क || ब + क <= अ || क + अ <= ब. तुलना उलटवल्या पण && तसेच ठेवले, ही परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत हमखास सापडणारी चूक.

स्विच

एकाच पूर्णांकाच्या ठरावीक किमतींवरून वाटा फुटत असतील तर शिडीऐवजी स्विच बरे. त्यात दशांश संख्या किंवा अक्षरमाला चालत नाही. प्रत्येक केसच्या, म्हणजे एकेका किमतीच्या वाटेच्या, शेवटी ब्रेक लिहिले नाही तर अंमल सरळ खालच्या केसमध्ये घसरतो. हे कधी मुद्दाम हवे असते, बहुधा नसते. मुद्दाम असल्यास तसे नोंदवण्याची सोय सी२३ ने दिली आहे.

एक = की दोन

बीसीपीएलमध्ये किंमत देण्यासाठी := असे चिन्ह होते. टॉम्पसन यांनी बीमध्ये ते = केले आणि तुलनेला == आले; किंमत देण्याचे काम तुलनेपेक्षा जास्त वेळा पडते, म्हणून त्याला छोटे चिन्ह. सीने ते तसेच उचलले. त्यात किंमत देणे हीसुद्धा एक राशी असून तिची किंमत म्हणजे दिलेलाच आकडा. इफ (अ = ५) म्हणून वैध आहे: अ मध्ये ५ जातो, ५ शून्येतर, अट खरी. इफ (अ = ०) कायम खोटी, आणि वर अ पुसला गेलेला. काही जण आकडा डावीकडे लिहितात, ५ == अ; एक = सुटला तर कंपाइलर लगेच अडवतो. वाचायला ते थोडे उलटे वाटते. जीसीसी या कंपाइलरच्या सूचना चालू ठेवणे हा त्याहून साधा उपाय; अटीत नुसता = दिसला की तो कंस घालण्याविषयी विचारतो.

नोव्हेंबर २००३ मध्ये लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, एका दुय्यम प्रतीत कोणीतरी दोन ओळी घुसवल्या. वरवर ती चुकीचे पर्याय नाकारणारी तपासणी होती: पर्यायांची अमुक जोडी आली && वापरकर्ता क्रमांक = ०, तर त्रुटी परत करा. दोन = च्या जागी एक. ती विशिष्ट जोडी देणाऱ्याचा वापरकर्ता क्रमांक शून्य, म्हणजे सर्वाधिकारी रूट, होऊन जाई. दिलेली किंमत शून्य म्हणून अट खोटी ठरे, त्रुटीही परत होत नसे आणि काम गुपचूप पुढे जाई. एरवी शॉर्ट सर्किटमुळे उजव्या बाजूला हातच लागत नसे. मूळ साठ्याशी ताळा जुळेना म्हणून हा बदल पकडला गेला; जीसीसीच्या सूचनेने तो पकडला नसता, कारण लिहिणाऱ्याने त्या = भोवती कंस आधीच घातले होते.