साबरमतीच्या काठावर फिरण्याआधी

अहमदाबादला जाणारा माणूस हल्ली गांधी आश्रमाइतक्याच उत्सुकतेने साबरमती रिव्हरफ्रंटवर जातो. दोन्ही काठांवर साडेअकरा-साडेअकरा किलोमीटरची फरसबंद वाट आणि मध्ये भरलेलं पात्र. हे पाणी मात्र बहुतांशी नर्मदेचं आहे, कालव्यातून सोडलेलं आणि खाली वासणा बंधाऱ्यावर अडवलेलं.

साबरमती मुळात पावसाळी नदी. सत्तरच्या दशकात वरच्या अंगाला धरोई धरण झालं, तेव्हापासून तर शहरात वर्षातले बरेच महिने वाळूच दिसे. पण ते वाळवंट कधीच ओस नव्हतं. रंगारी आणि धोबी तिथे कापड धूत, पाणी ओसरलं की भाजीपाला पिके, एलिस ब्रिजजवळ दर रविवारी गुजरी बाजार भरे. दांडीयात्रेच्या आदल्या संध्याकाळी, 11 मार्च 1930 ला, गांधीजी हजारो लोकांपुढे बोलले तेही याच वाळूवर. पुढे कष्टकऱ्यांच्या वस्त्याही काठालाच वाढल्या. शहराच्या मधोमध त्यांना परवडणारी जागा दुसरी होती कुठे?

काठ बांधून काढण्याची कल्पना वास्तुरचनाकार बर्नार्ड कोहन यांनी 1960 च्या दशकातच मांडली होती. 1997 मध्ये महापालिकेने त्यासाठी स्वतंत्र कंपनी काढली, आराखडा बिमल पटेल यांच्या संस्थेने केला, 2005 मध्ये काम सुरू झालं आणि 2012 मध्ये काठ लोकांना खुला झाला. पात्र आक्रसून दोनशे हेक्टरच्या आसपास जमीन मिळवली. तिथे बागा, रस्ते आणि विक्रीयोग्य भूखंड आले. दहा हजारांच्या घरात कुटुंबं हलली. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तेव्हा कुठे पुनर्वसनाला जोर आला. तरी अनेकांना घरं मिळाली ती वटवा, ओढवसारख्या लांबच्या भागांत, जिथून रोजचं काम गाठणं महाग पडे. बाजार पूर्व काठावरच्या आखीव ओट्यांवर गेला. फिरायला जाणाऱ्याने रविवार साधून तो जरूर बघावा, जुन्या नदीकाठाचा जिवंत उरलेला भाग तोच आहे.

पुणेकरांना हे सगळं माहीत हवं. मार्च 2022 मध्ये भूमिपूजन झालेल्या मुळा-मुठेच्या 44 किलोमीटर काठसुधार प्रकल्पाचा आराखडाही बिमल पटेल यांच्याच संस्थेचा. पण पुण्याच्या मदतीला नर्मदेचा कालवा नाही. मुठेचं पाणी खडकवासल्यालाच अडतं, आणि पावसाळा सरला की शहरातून वाहतं ते मुख्यतः सांडपाणी. ते शुद्ध करण्याचं काम पुरं होण्याआधी काठ बांधायला घेणं मला तरी उलटं वाटतं.