मूरवरच्या सायकलवाटा कुठून आल्या?

इंग्लंडमध्ये पश्चिमेला मँचेस्टर आणि पूर्वेला शेफील्ड. एक कापडगिरण्यांचं शहर, दुसरं पोलादाचं. या दोघांच्या मधोमध डार्क पीक हा उंच, उघडा प्रदेश पसरला आहे. झाडं तुरळक, वारा सततचा, पायाखाली अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची, पाणी धरून ठेवणारी काळी पीट माती आणि तिच्यावर हीदरची झुडपं. ऑगस्टमध्ये ही झुडपं फुलली की डोंगरच्या डोंगर जांभळे दिसतात. अशा जमिनीला तिकडे मूर म्हणतात. पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानाचा उत्तरेकडचा भाग म्हणजे मुख्यतः हेच मूर.

आगगाडीत सायकल घालून इथे यायचं, स्टेशनाबाहेर पडताच सायकलवर बसायचं, मोटारींची वर्दळ जवळपास टाळून पठार ओलांडायचं आणि पलीकडच्या स्टेशनावरून परतायचं, हे आज बऱ्याच अंशी जमतं. नकाशात या वाटा पाहिल्या की कुणीतरी बसून त्या आखल्या असाव्यात असं वाटतं. तसं झालेलं नाही. बंद पडलेली रेल्वे, धरणाकडे जाणारा रस्ता, मीठ वाहणाऱ्या घोड्यांची जुनी वाट असे तुकडे वेगवेगळ्या काळात सायकलवाल्यांच्या हाती आले. त्यातला जवळजवळ एकही मुळात त्यांच्यासाठी केलेला नव्हता. सायकलवाले मात्र इथे मोटारीच्या कितीतरी आधीपासून होते.

१८७८ मध्ये यॉर्कशरमधल्या हॅरोगेट इथे सायकलवरून दूर भटकणाऱ्यांचा क्लब स्थापन झाला. पाच वर्षांनी त्याचं नाव सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब झालं आणि आज तीच संस्था सायकलिंग यूके म्हणून ओळखली जाते. १८८८ च्या एका कायद्याने सायकलला वाहनाचा दर्जा मिळाला. रस्त्यावरून जाण्याचा तिचा हक्क त्यामुळे पक्का झाला. पण त्याच दर्जामुळे पायवाटा आणि ज्यांवरून माणसं व घोडेस्वार जाऊ शकत त्या घोडेवाटा तिला बंद राहिल्या. त्या काळी हे फारसं कुणाला जाणवलं नसेल. रस्तेच मोकळे होते, चढ संपला की पुढे मैलोनमैल फक्त वारा. मोटारी वाढल्या तेव्हा त्या अटीची किंमत कळली.

मूरचा प्रश्न आणखी वेगळा होता. एकोणिसाव्या शतकात हे डोंगर जमीनदारांनी ग्राउझ या पक्ष्याच्या शिकारीसाठी राखून ठेवले. वर्षातले थोडे दिवस तिथे बंदुकांचे बार उडायचे आणि उरलेलं वर्षभर राखणदार लोकांना हुसकून लावायचे. खालच्या शहरांत आठवडाभर यंत्रांपुढे उभे राहणाऱ्या कामगारांना रविवारी डोंगर डोळ्यांसमोर दिसे, पण त्यावर पाऊल टाकता येत नसे.

२४ एप्रिल १९३२ ला याविरुद्ध काही शे तरुण हेफील्ड गावातून किंडर स्काउट या डोंगरावर चढले. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन अवघा वीस वर्षांचा होता. रेल्वे स्टेशनावर पोलीस आपली वाट पाहत असतील हे ओळखून तो मँचेस्टरहून सायकलने हेफील्डला पोचला. या सत्याग्रहाच्या गोष्टीत हा तपशील सहसा एका ओळीत आटोपला जातो. मला तो फार मोलाचा वाटतो. चालणाऱ्यांच्या चळवळीतला तो सर्वांत गाजलेला दिवस, आणि त्याचा पुढारी त्या दिवशी तिथे पोचू शकला तो सायकलमुळे. राखणदारांशी झटापट झाली, पाच जणांना दोन ते सहा महिन्यांचा तुरुंगवास झाला. रॉथमनला चार महिने. शिक्षा इतकी कठोर होती की तोवर अलिप्त असलेल्या पुष्कळांची सहानुभूती या पोरांकडे वळली.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ मध्ये, राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला आणि एप्रिल १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान ठरलं. आपल्याकडच्या अभयारण्यासारखं ते सरकारी मालकीचं नाही. आत गावं आहेत, शेती आहे, जमीन बहुतांशी खासगी आहे. संरक्षण आहे ते भूदृश्याला. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे खाणी, कारखाने आणि वेडीवाकडी बांधकामं होती. मोटारीचा धोका त्यांना पुरता दिसला नव्हता, आणि त्यात आश्चर्य नाही: १९५० मध्ये ब्रिटनमध्ये खासगी मोटारी जेमतेम वीस लाख होत्या. १९७० पर्यंत त्या कोटीच्या घरात गेल्या. ज्या शांततेसाठी लोक येत, ती त्यांच्याच गाड्यांखाली चिरडली जाऊ लागली.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे उद्यानातलं गॉइट खोरं. १९६७ मध्ये तिथे एरवूड जलाशय झाला आणि रविवारी त्या अरुंद रस्त्यांवर मोटारींच्या रांगा लागू लागल्या. तेव्हा उद्यानाच्या मंडळाने १९७० मध्ये एक धाडसी प्रयोग केला. सुट्टीच्या दिवशी खोऱ्यात मोटारींना बंदी, गाड्या कडेच्या वाहनतळांवर लावायच्या, पुढे पायी किंवा मिनीबसने. दस्तुरी नाक्यावर गाडी सोडून माथेरानला गेलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. पण मोटार म्हणजेच स्वातंत्र्य असं मानणाऱ्या त्या काळच्या ब्रिटनमध्ये ही मोठी गोष्ट होती. लोक चिडतील अशी भीती होती. प्रत्यक्षात बहुतेकांनी बंदी आनंदाने स्वीकारली. मोटारबंदीचं लोक स्वागत करू शकतात, हे गॉइटने उद्यानाला शिकवलं.

तीच रीत पुढे डरवेंट खोऱ्यात दिसते. इथे तीन धरणं एकामागे एक आहेत: हाउडन, डरवेंट आणि १९४५ मध्ये राजा सहाव्या जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालेलं लेडीबाउअर. शेवटच्या धरणाच्या पाण्यात डरवेंट आणि ॲशप्टन ही दोन गावं गेली. डरवेंट धरणाजवळच्या फेअरहोम्स या ठिकाणापुढचा जलाशयाकाठचा रस्ता शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी मोटारींना बंद असतो आणि फेअरहोम्सलाच सायकली भाड्याने मिळतात. रस्ता संपल्यावर कच्ची वाट स्लिपरी स्टोन्सपर्यंत जाते. तिथला लहानसा दगडी पूल मूळचा बुडालेल्या डरवेंट गावातला. पाणी चढण्याआधी त्याचे दगड एकेक करून उतरवले गेले आणि १९५९ मध्ये वरच्या खोऱ्यात तो पुन्हा उभा राहिला. ओझ्याच्या घोड्यांसाठी बांधलेल्या त्या पुलावरून आता सायकली जातात.

हे कायदेशीर झालं ते १९६८ च्या कायद्याने. त्याने सायकलला घोडेवाटा खुल्या केल्या, अट एकच: चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची. १८८८ पासूनची ऐंशी वर्षांची अडचण एका कलमाने संपली. मूरवर आत शिरण्याचा आजचा सायकलस्वाराचा हक्क मुख्यतः याच कलमावर उभा आहे. २००० च्या कायद्याने मोकळ्या मूरवर सर्वत्र फिरण्याचा जो हक्क दिला, तो फक्त पायी फिरणाऱ्यांना आहे. काही सायकलस्वारांना हा अन्याय वाटतो. मला वाटत नाही. पीटचा थर वर्षाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. कारखान्यांच्या धुराने, वणव्यांनी आणि चराईने ब्लीकलोसारख्या डोंगरावरची माती उघडी पडली होती. २००३ पासून तिथे शेवाळ आणि गवत लावून ती पुन्हा झाकण्याचं काम चालू आहे. अशा जमिनीवर चाकाने पाडलेली चरी पुढच्या पावसात ओहोळ होते. सायकलने कठीण तळाच्या वाटेवर राहावं, हेच बरोबर.

कठीण तळाच्या वाटा आल्या त्या मोठ्या प्रमाणात रेल्वेकडून. मँचेस्टर ते शेफील्ड जायला डोंगरातून दोन लोहमार्ग होते. उत्तरेचा वुडहेडचा, दक्षिणेचा १८९४ मध्ये सुरू झालेला होप व्हॅलीचा, ज्यावर ईडेल हे किंडरच्या पायथ्याचं स्टेशन आहे. तोट्यातले रेल्वेमार्ग बंद करण्याच्या शिफारशी करणाऱ्या १९६३ च्या बीचिंग अहवालात होप व्हॅलीची प्रवासी वाहतूक बंद करावी अशी शिफारस होती. घडलं उलट. खेड्यांना दुसरी सोय नाही म्हणून होप व्हॅली वाचली आणि १९७० मध्ये वुडहेडवरच्या प्रवासी गाड्या थांबल्या. ईडेलला आजही सायकल घेऊन रेल्वेने उतरता येतं ते त्या निर्णयामुळे. मोटारीविना भटकणाऱ्यांच्या दृष्टीने या साऱ्या इतिहासात याहून महत्त्वाचा निर्णय मला दिसत नाही.

वुडहेडची हकिगत मात्र जीव हळहळवणारी आहे. तिथला पहिला बोगदा १८४५ मध्ये पुरा झाला, तीन मैलांहून थोडा लांब. तो खणताना किमान २६ मजूर मेले. पुढे शेजारी दुसरा झाला. १९५४ मध्ये विजेच्या गाड्यांसाठी तिसरा, प्रशस्त बोगदा बांधला, आणि अवघ्या सत्तावीस वर्षांनी, १९८१ मध्ये, मालगाड्याही थांबून मार्ग बंद झाला. १९९२ मध्ये रुळांच्या जागी लाँगडेंडेल ट्रेल खुली झाली: हॅडफील्ड स्टेशनाजवळून निघणारी, जलाशयांच्या काठाने वुडहेडपर्यंत साडेसहा मैल जाणारी, रेल्वेचीच म्हणून सौम्य चढाची. पश्चिम किनाऱ्यावरच्या साउथपोर्टपासून पूर्व किनाऱ्यावरच्या हॉर्नसीपर्यंत जाणाऱ्या ट्रान्स पेनाइन ट्रेलचा ती भाग आहे.

पण बोगद्याच्या तोंडाशी ही वाट अडते. जुन्या बोगद्यांतून उच्च दाबाच्या वीजवाहिन्या नेल्या होत्या; त्या २०१२ पर्यंत १९५४ च्या बोगद्यात हलवल्या. दोन जुने बोगदे रिकामे झाले, पण २०१३ मध्ये सरकारने ते विकत घ्यायला नकार दिला आणि ते कायमचे बंद करण्याचा मार्ग मोकळा झाला. त्यामुळे सायकलस्वाराला मालट्रकांनी गजबजलेला ए६२८ महामार्ग ओलांडून डोंगरावरच्या जुन्या वाटेने जावं लागतं. चेशरचं मीठ पूर्वी याच बाजूने घोड्यांवर यायचं. सॉल्टर्स ब्रुक हे तिथल्या ओढ्याचं नाव त्याचीच खूण. पलीकडे डनफर्ड ब्रिज या वस्तीपाशी पुन्हा रेल्वेची सपाट वाट मिळते आणि ती पेनिस्टनच्या चालू स्टेशनापर्यंत नेते. सराईत सायकलस्वाराला मधला चढ झेपतो. लहान मुलं, वयस्कर माणसं, सामान लादलेली जड सायकल यांच्यासाठी दोन सोप्या वाटांमधला हा तुकडा आजही अडसर आहे, आणि तो दूर करायचा तर आता महामार्ग ओलांडण्याची जागा सुरक्षित करणं आणि वरची वाट नीट बांधणं एवढंच हाती उरलं आहे.